भैरूचे एकोणचाळीस दात

तुमच्या दारातल्या कुत्र्याचा ओठ वर करून तुम्ही कधी आत पाहिलंय का?

टेकडीवरच्या दत्तमठात कोणी पाहिलं नव्हतं. पारनाईक गुरुजींनीही नाही.

गुरुजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गीता तोंडपाठ. मठातल्या वृद्ध गोदाआईंकडून मंत्र घ्यायचा म्हणून वर्षभर तिथेच राहिलेले. आई मात्र मंत्राचं नाव काढत नव्हत्या.

एका गुरुवारी मठाच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं, भैरूनं, भाकरीला तोंड लावलं नाही.

"दत्ताचं कुत्रं हे," गुरुजी भक्तांना म्हणाले. "गुरुवार पाळतंय."

लोकांनी हात जोडले. भैरूच्या कपाळाला कुंकू लागलं, पुढ्यात पेढे आले. शुक्रवारीही तो जेवला नाही. शनिवारी त्याच्यासमोर रांग लागली.

रविवारी गोदाआई काठी टेकत आल्या. भैरूजवळ बसल्या आणि एका बोटानं त्याचा ओठ वर केला.

दातांवर काळं-पिवळं कीट. हिरड्या सुजून लाल. वास सुटला तशी रांग मागं सरकली.

"गुरुजी," आई म्हणाल्या, "याला उपास म्हणत नाहीत. उपासमार म्हणतात."



तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी भैरूला भूल देऊन तीन दात काढले. बाकीचे साफ केले.

"एकोणचाळीस राहिलेत," त्या म्हणाल्या. "हिरड्या भरून आल्या की रोज ब्रश फिरवा. नाहीतर पुन्हा हेच होणार. आणि या वयात पुन्हा भूल दिली तर तो उठेलच, असं मी सांगू शकत नाही."

त्यांनी एक ट्यूब दिली. "माणसाची पेस्ट लावू नका हं. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. ही त्याच्यासाठीची आहे."

आईंनी ट्यूब घेतली आणि गुरुजींच्या हातावर ठेवली.

"आई... मी मंत्रासाठी आलोय."

"ठाऊक आहे. भैरूनं तुम्हाला दात दिले की मी मंत्र देईन."

दोन आठवड्यांनी गुरुजी कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी जबडा दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी दगडूमामांना कुत्र्याच्या पाठीवर ओणवं केलं. तिसऱ्या दिवसापासून ब्रश दिसला की भैरू लाकडांच्या ढिगामागं.

"गुरुजी, छडी आणू का?" दगडूमामा विचारायचे. "वर्गात चालायची म्हणतात."

अठराव्या दिवशी भैरूनं गुरुजींच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं नाही, पण वळ उठले.

संध्याकाळी गुरुजी ब्रश घेऊन आईंपुढं उभे राहिले.

"माझ्याच्यानं होणार नाही. अडाणी जनावर आहे ते. त्याच्या भल्याचं चाललंय, तरी तोंड उघडत नाही."

"बसा," आई म्हणाल्या. "आ करा."

"आँ?"

"आ करा हो, गुरुजी."

गुरुजींनी तोंड उघडलं. आईंनी त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे नेला.

गुरुजींचा हात झटकन वर आला. आईंचं मनगट त्यांनी हवेतच धरलं.

"मी तर आधी सांगून ब्रश आणला," आई म्हणाल्या.

गुरुजींनी मनगट सोडलं. आपल्याच हाताकडे पाहिलं.

आईंनी ब्रश बाजूला ठेवला. "भैरू, ये रे बाबा."

भैरू आला. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. पेस्टचा ठिपका बोटावर घेऊन त्याला चाटू दिला. मग ओठ जरासा उचलला, जबड्याला हातही लावला नाही. बोट दोन दातांवरून फिरवलं. लगेच हात काढून घेतला.

"झालं."

"एवढंच? दोनच दात?"

"दोनच."

"आणि बाकीचे?"

"ते त्याचे आहेत. तो देईल तेव्हा घ्या."

भैरू उठला नाही. आईंच्या बोटाकडे बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नुसता गालावरून हात फिरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेस्ट चाटवली. मग एक सुळा. भैरूनं मान वळवली की गुरुजी हात काढून घेत आणि "बरं, उद्या," म्हणत. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला असं म्हटलं नव्हतं.

दगडूमामा चेष्टा करायचे, "आज धड्याची किती पानं झाली, गुरुजी?"

"आज पाच दात," गुरुजी सांगायचे. "डाव्या बाजूचे."

महिना गेला. बोटाच्या जागी मऊ ब्रश आला. पुढचे दात झाले, मग दाढा. सगळ्यात मागची वरची दाढ मात्र भैरू देईना. तिथं ब्रश पोचला की तो हळूच ओठ मिटायचा. गुरुजी थांबायचे.

एका गुरुवारी दुपारची आरती ऐन रंगात होती. सभामंडपात टाळ-घंटा चालल्या होत्या. एवढ्यात मागच्या अंगणातून गुरुजी धावत आले. धोतराचा सोगा एका हातात, ब्रश दुसऱ्या हातात.

"एकोणचाळीस!"

टाळ थांबले.

"आई, एकोणचाळीसच्या एकोणचाळीस! त्यानं आपणहून मांडीवर हनुवटी ठेवली! मागची दाढ दिली मला, मागची दाढ!"

भैरू त्यांच्यामागून शेपूट हलवत आला आणि सगळ्यांसमोर जांभई दिली. आतले दात पांढरे, हिरड्या गुलाबी. एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, वाससुद्धा नाही!" दगडूमामांनी टाळ्या वाजवल्या आणि मग अख्ख्या मंडपानं वाजवल्या. हेडमास्तर पारनाईक कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून लहान पोरासारखे रडत होते.

आईंनी स्वतः घंटेची दोरी ओढली. आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टेकडीखालच्या गावातही ती ऐकू गेली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाआईंनी पारनाईक गुरुजींच्या कानात मंत्र सांगितला. मग कोठीघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या तांबड्या बोक्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आता हा."