चार विषयांचा एक शिक्षक

केळुसकर मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांनी आखलेला पाणीपुरवठ्याचा एम.टेक. अभ्यासक्रम आमच्या विद्यापीठात अजून सुरू आहे. स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि रसायन असे चार विभाग मिळून तो शिकवतात. डीन निंबाळकर सरांनी तो दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा नाकारला गेला, तर फाईल कायमची बंद होणार होती.

तिसऱ्या खेपेला भर बैठकीत सर म्हणाले, "मॅडम, हे चारही विषय येणारा एक प्राध्यापक मला दाखवा. आत्ता सही करतो."

असा कोणी नव्हताच.

"चार प्राध्यापकांना मिळून जे येतं, ते एकट्या पोरानं दोन वर्षांत शिकायचं? अहो, काहीतरीच!" सर पुढे म्हणाले.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, तुमची नात यंदा दहावी झाली ना?"

"झाली की! सगळ्या विषयांत नव्वदच्या वर!" सरांचा चेहरा खुलला.

"तिचे गणिताचे सर संस्कृतही शिकवतात?"

"छे! त्यांना कुठलं संस्कृत यायला?"

"मग सगळे विषय येणारा एकही शिक्षक शाळेत नसताना तिला ते आले कसे?"

सर खो खो हसत सुटले. सही करून म्हणाले, "पहिल्या तासाला माझी एक खुर्ची ठेवा. शिकवायला नाही हो, शिकायला."

"ठेवते," मॅडम म्हणाल्या, "पण हजेरी घेईन हं, सर."