कमानीत न बसलेला दगड

उठा, उठा आधी त्या दगडावरून! पुरुषांनी त्यावर बसायचं नसतं. बघा तरी कुठे बसलाय ते. समोर वाचनालयाची एवढी भव्य कमान, रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे खांब, आणि दाराच्या जागी विटांची भिंत! कमानीच्या ऐन मधोमध एक दगड नाही, दिसतंय ना? तो हा, पायरीवर पडलेला. का पडलाय ते ऐका, आणि उभं राहून ऐका.

खडकेवाडच्या या वाचनालयाचा दगडन् दगड अंबाक्का देसाईच्या खाणीतला. नवरा अकाली गेला आणि खाण तिच्या नावावर आली. गावात वाचनालय होतंय म्हटल्यावर तिने गाड्या भरभरून दगड फुकट दिला. बाईला वाचनाचं भारी वेड. भिंती वर चढताना रोज येऊन बघायची. आत बसून वाचायचं, एवढंच तिच्या मनात होतं, असं सांगतात.

सगळ्यात शेवटी आला कळीचा दगड, म्हणजे कमान तोलून धरणारा मधला दगड. त्याच दिवशी तिला कळलं, की बायकांसाठी मागे वेगळं दार ठेवलंय. बुटकं, गोठ्याला लागून, वाकून जायचं. आणि हे ठरवणारा कोण? कमिटीचा अध्यक्ष, तिचा सख्खा धाकटा दीर रावसाहेब! अंबाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीतून नुकत्याच उतरवलेल्या त्या दगडावर ती जाऊन बसली.

"वहिनी, उठा. चारचौघांत शोभा होतेय."

"माझी नाही, तुमची होतेय, भावोजी. मला पुढच्या दाराने आत न्या, मग खुशाल उचला दगड."

"या दाराने बाईमाणूस आत गेलं, तर मिशी उतरवीन मी!"

"मग या दाराने कुणीच जाणार नाही."

रावसाहेबाने दुसऱ्या गावचा दगड आणून घडवला. वर बसवला की तडकायचा म्हणे. शेवटी कमान कोसळू नये म्हणून तिच्याखाली विटा रचल्या. उद्घाटनाला संस्थानिक आले, तर त्यांनाही मागूनच न्यावं लागलं, आणि चौकट लागून त्यांची पगडी थेट शेणात पडली! तेव्हापासून रावसाहेबाने वहिनीशी उभा दावा मांडला. तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तिची गडीमाणसं फोडली, दगडाला रोज शेण फासायला लावलं. ती लांबच्या ओढ्यावरून घागर आणायची, दगड धुवायची आणि त्यावर बसून मोठ्याने वाचायची. हळूहळू बायका-पोरी भोवती जमू लागल्या. ती उठली की दुसरी वाचायला बसायची. आणि रावसाहेब? वहिनीला पुढून जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वतः जन्मभर वाकून मागून गेला. मेला हट्टी!

अंबाक्का म्हातारी होऊन गेली. आतलं एक कपाटसुद्धा तिने पाहिलं नाही हो. सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

तेरावा उरकताच रावसाहेबाने गवंडी बोलावले. आता अडवणार कोण? दगड वर चढवला. पण इतकी वर्षं बायकांनी बसून बसून त्याची एक बाजू खोलगट झाली होती. शेजारच्या दगडांना तो टेकेचना. हात सोडताच विटांवरून पुढे घसरून खाली आला आणि जिथून उचलला होता, तिथेच येऊन बसला म्हणे. रावसाहेबाने गवंड्यांना परत पाठवलं आणि तो घरी गेला. वहिनीच्या सुतकातही त्याने मिशीला वस्तरा लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला, तेव्हा मिशी उतरवलेली होती.

आजही इथे कलेक्टर येवोत नाहीतर मंत्री, जायचं मागूनच आणि वाकूनच. नाव नोंदवायला आलेली प्रत्येक पोर आधी या दगडावर बसून एक पान मोठ्याने वाचते. कमान दुरुस्त करून देतो म्हणणारे तुमच्यासारखे पुष्कळ येतात. नकोय आम्हाला! चला आता आत. तिकडून, मागून. आणि डोकं सांभाळा.