शंभराला पांढरी होणारी पाकळी

खूप जुनी गोष्ट आहे. राजाचं नाव विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी त्या नावाने पाणी काही स्वच्छ झालं नसतं.

त्या राजाच्या महालामागे पोहायचा हौद होता. पावसाळ्यात तो फळ्या टाकून बंद करत आणि दसऱ्यानंतर उघडत. चार महिने झाकलेलं पाणी कुजतं, शेवाळ धरतं, उतरेल त्याला ताप भरतो. म्हणून हौद उघडला की त्यात एक पांढरी भुकटी घालत. नाकाला झोंबणारी, जालीम चीज. कमी पडली की पाणी सडायचं, जास्त झाली की डोळे जळायचे. त्यात ऊन ती भुकटी पिऊन टाकायचं. सकाळी घातलेली संध्याकाळी असेलच याचा नेम नाही.

हौद राखणारा म्हातारा त्या पावसाळ्यात वारला आणि काम त्याच्या जावयाकडे आलं. जावई कष्टाळू होता, देवभोळा होता आणि पक्का भित्रा होता.

त्याच वर्षी राजाची मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली. पायांतलं बळ गेलेलं. वैद्याने सांगितलं, महिनाभर पाण्यात चालवा, नाहीतर पाय कायमचे गेले समजा. राजाने जावयाला आठ दिवसांची मुदत दिली आणि वर एवढंच म्हणाला, "पोरीला काही झालं, तर त्याच हौदात तुला बुडवीन."



पहिल्या दिवशी त्याने फळ्या काढल्या, शेवाळ खरवडलं आणि भर दुपारी दोन पळ्या भुकटी घातली. सासऱ्याला त्याने रोज पाहिलं होतं. म्हातारा वाटीत हौदाचं पाणी घ्यायचा, त्यात जास्वंदीची लाल पाकळी टाकायचा आणि समोर बसून ओठ हलवायचा. ही पाण्याची पूजाच, दुसरं काय असणार? जावयानेही वाटी भरली, पाकळी टाकली, हात जोडले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या सकाळी पायऱ्या हिरव्या. संध्याकाळी त्याने सहा पळ्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी पाण्यावर वाकला तर डोळ्यांतून धारा लागल्या, आणि काठावर पाणी प्यायला आलेली चिमणी मरून पडलेली. तेव्हा तो असा भ्याला की दोन दिवस पळीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं आणि पायरीवर बेडूक.

"दोन दिवस सुखाने राहू देतोस आणि मग डोळे जाळतोस," बेडूक म्हणाला. "तुझ्या सासऱ्याने मला इथे एकदाही उतरू दिलं नाही. डोळे फाडून त्या पाकळीकडे बघत बसायचा मेला. तू डोळे मिटतोस, म्हणून तर माझा संसार चाललाय."

जास्त बोलणाऱ्याचं घर असंच जातं. जावई तसाच उठून सासूकडे गेला आणि विचारलं, सासरे पाकळीपुढे कुठला मंत्र म्हणायचे?

"मंत्र कसला, जावईबापू," सासू म्हणाली. "त्यांना आरती धड येत नव्हती. आकडे मोजायचे. शंभराच्या आसपास पाकळी पांढरी पडली की जेवायला यायचे. आधीच पडली तर भुकटी जास्त. पडलीच नाही तर पाण्यात काही उरलं नाही. पूजेला घरात देव्हारा आहे की."

जावयाला लाजायलाही वेळ नव्हता. त्या संध्याकाळी त्याने तीनशे मोजले, पाकळी लालच. मग ऊन उतरल्यावर त्याने दोनच पळ्या घातल्या. सहाव्या सकाळी शंभराला पाकळी पांढरी झाली. दिवसा त्याने अर्ध्या हौदावर झावळ्यांचे झाप पसरले, म्हणजे ऊन सगळंच पिणार नाही. संध्याकाळी आधी मोजलं, मग एक पळी. सातव्या सकाळी पुन्हा शंभर. त्याच्या जिवात जीव आला.

सातव्या दिवशी आभाळ भरून राहिलं. संध्याकाळी त्याच्या मनात आलं, चांगलं चाललंय, मोजायचं कशाला? नेहमीची पळी त्याने न बघताच रिकामी केली.

आठव्या सकाळी पोरीची पालखी दारात आली, सोबत राजाही. जावयाने पाकळी टाकली. ती चाळिसालाच पांढरी झाली.

बोललं तर मान जाणार. गप्प बसलं तर पोरीचे डोळे. भीती कानात म्हणत होती, गप्प राहा, होईल नीट. याच भीतीने त्याला आठवडाभर नाचवलं होतं. तो सगळ्यात वरच्या पायरीवर पालखीला आडवा उभा राहिला.

"आज नाही, महाराज. उद्या."

शिपायांनी त्याला धरलं. त्याने वाटी राजापुढे धरली, नवी पाकळी टाकली आणि म्हणाला, "मोजा. शंभर भरायला हवेत."

राजाने मोजलं. चाळीस.

"पोर उतरली असती तर?"

"डोळे गेले असते."

"चूक कोणाची?"

"माझी. काल उन्हाने आपला वाटा घेतला नाही, आणि मी न बघता पळी ओतली."

जावयाने मान खाली घातली. आता संपलं, असं त्याला वाटलं. मग राजाने पालखी मागे फिरवायला सांगितली. "उद्या मी स्वतः मोजीन," म्हणाला.

जावयाने झाप काढले आणि दिवसभर उन्हाला भुकटी पिऊ दिली. दुसऱ्या सकाळी राजाने मोजलं आणि अठ्ठ्याण्णवला पाकळी पांढरी झाली. पोर पाण्यात उतरली. महिन्याने ती त्याच पायऱ्या आपल्या पायांनी चढून वर आली. बेडूक म्हशींच्या डबक्यात गेला आणि तिथे अजून कुरकुरतो.

जावयाने पुढे चाळीस वर्षं हौद राखला. पाकळी टाकताना त्याला शेवटपर्यंत भीती वाटत असे. पण पळीतून चिमूटभरही भुकटी जास्त सांडली नाही.

लक्षात ठेवा: भीती वाटली तर वाटू द्यावी, माप मात्र रोज डोळे उघडे ठेवूनच घालावं.