वाऱ्याला जायची वाट

अकोल्याच्या उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम वाराच अंगावर फेकतो. म्हणून वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी आर्किटेक्ट मुक्ता इंगोलेने दोन मनोरे आखले. एक वरचा वारा धरून आत आणणारा, दुसरा आतली तापलेली हवा बाहेर सोडणारा.

नातवंडं कॉलेजात गेली तरी अध्यक्षांची खुर्ची न सोडलेले बापूसाहेब गावंडे बैठकीत आधी "नवी माणसं संस्थेत येतच नाहीत!" म्हणून कुरकुरले. मग नकाशावर बोट आपटून म्हणाले, "वारा आत घ्यायचा हे कळलं. पण सोडायचा कशाला? दुसरा मनोरा खोडा!"

मुक्ताने वाद घातला नाही. टेबलावरची रिकामी बाटली तिने आडवी धरली आणि तिच्या तोंडाशी कागदाची गोळी ठेवली.

"बापूसाहेब, फुंकर मारून ही आत ढकला बरं."

बापूसाहेबांनी गाल फुगवून फुंकर मारली. गोळी उलटी येऊन त्यांच्याच नाकावर आदळली. सभासद मिशीतल्या मिशीत हसले.

"रिकाम्या बाटलीत जात कशी नाही?" बापूसाहेब चिडले.

"रिकामी कुठंय? जुन्या हवेनं भरलीय," मुक्ता शांतपणे म्हणाली. "ती जागा सोडत नाही, तोवर नवी आत येत नाही."

बापूसाहेबांनी बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खुर्चीकडे.

"दुसरा मनोरा राहू द्या," ते सावकाश म्हणाले. "आणि हो, नवा अध्यक्षही बघा."