नम्र गाडी

शेवंतीपूरच्या राजाला मोटारी बनवण्याचा भारी नाद. यंदा त्याने आपल्या कुटुंबगाडीला ऐटदार, मागे उतरतं छत दिलं आणि गिऱ्हाइकांसमोर पारख करायला मोटारींची जाणकार द्वारका हिला बोलावलं.

"दोष काढलास तर हद्दपार करीन!" त्याने दरडावलं.

द्वारका मागे बसली, तर डोकं छताला टेकलं. मान वाकवूनच ती म्हणाली, "महाराज, गाडी फार संस्कारी आहे. मागे बसणारा आपोआप नम्र होतो. फक्त आपण बसू नका."

"का नको?" म्हणत राजा मुकुटासकट शेजारी शिरला. त्याची मान इतकी खाली गेली, की गर्दीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं, महाराज नमस्कार करताहेत. सगळ्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले.

"छत वर घ्या!" राजा आतून ओरडला.

द्वारका खिडकीतून गिऱ्हाइकांना म्हणाली, "आठवडाभर थांबा, मग खुशाल घ्या."