वठलेल्या बेहड्याचा मनोरा

एकदा एक तरुण स्थपती आपल्या कामावर फार खूश होता. डोंगराच्या कडेला, दाट रानाच्या तोंडाशी, पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी त्याने लाकडी मनोरा उभारला होता आणि त्यापायी एकही जिवंत झाड तोडलं नव्हतं. वाऱ्यापावसात उन्मळून पडलेल्या सागाच्या फळ्या, खिळ्यांऐवजी लाकडाचेच सांधे, वाळवीसाठी विषाऐवजी तेल. मधला खांब तर त्याने आणलाच नाही. तिथेच उभा असलेला वठलेला बेहडा जागच्या जागी ठेवून त्याच्याभोवती जिना नेला आणि वर सज्जा बांधला. बेहड्याच्या खोडात वरच्या अंगाला एक पोकळी होती. ती त्याने भुसा आणि राळ ठासून भरली, तोंडाशी लाकडाचा डट्टा बसवला आणि तासून असा गुळगुळीत केला की हात फिरवला तरी कळू नये. खांबात पोकळी दिसली की आधी ती भरायची, हे त्याच्या गुरुजींनीच शिकवलेलं होतं. भरण्यापूर्वी त्याने आत हात घालून पाहिलं होतं. जुनी पिसं आणि वाळक्या मातीचे पोपडे, एवढंच हाताला लागलं होतं.

गुरुजी म्हणजे त्या मुलखातले वृद्ध स्थपती. त्यांनी काम पाहून होकार दिला की शिष्य स्वतंत्र झाला, अशी त्यांच्याकडची रीत. गुरुजींना बोलावणं गेलं. मनोऱ्याचा खर्च उचलणाऱ्या व्यापाऱ्याने उद्घाटनाचा दिवसही ठरवून टाकला, पाहुण्यांना निरोप धाडले. आणि त्याच आठवड्यात मनोऱ्यातून ठोके ऐकू येऊ लागले.

उजाडताना, धुकं अजून जमिनीला धरून असताना, आवाज यायचा. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक. घरधन्याने स्वतःच्याच घराचं दार वाजवावं, तसा तो ठोका होता, न घाबरणारा आणि न थकणारा. जिन्यावर पाऊल पडलं की बंद. वर जाऊन पाहावं तर कोणी नाही. शिवाय रोज सकाळी खांबाच्या बुडाशी पिकलेली उंबरं पडलेली असायची, लालभडक, काही फुटलेली. आसपास उंबराचं झाड नव्हतं.

कामकऱ्यांनी लगेच ओळखलं. कोणीतरी उतारा ठेवतंय. बेहड्यावर वस्ती असते, त्याच्याखाली बसूही नये, आणि या शहाण्याने तर त्याच्या अंगाखांद्यावर जिना चढवला. त्यांनी नारळ फोडला, लिंबू कापलं. दुसऱ्या दिवशी उंबरं जास्तच पडली. त्यानंतर एकेकाला घरची कामं आठवू लागली आणि शिष्य मनोऱ्यापाशी एकटाच राहिला.

भुताखेतांना तो मानत नव्हता. त्याची भीती वेगळी होती, आणि ती त्याला झोपू देत नव्हती. आपण त्या पोकळीत कोणाला चिणलं तर नाही? हात घातला होता हे खरं, पण तळापर्यंत पोचला होता का? तो खांबाला कान लावून उभा राही. आतून काहीच ऐकू येत नसे, आणि त्याने त्याचं समाधान होत नसे.

गुरुजी दुपारी आले. सांधे पाहिले नाहीत, सज्जा पाहिला नाही. एक उंबर उचललं, उलटसुलट करून पाहिलं, होतं तिथेच ठेवलं. मग छिन्नी मागितली, डट्ट्यापर्यंत चढले आणि तो फोडू लागले. इतक्या निगुतीने केलेलं काम, आणि परवानगी द्यायला आलेला माणूस ते मोडतोय. शिष्याने कसंबसं सांगितलं, की पोकळी उघडी राहिली तर खांबाला भार सोसणार नाही, पाहुणे सगळे वर उभे राहू शकणार नाहीत.

"मग थोडे उभे राहतील," गुरुजी म्हणाले आणि फोडत राहिले. संध्याकाळी खांबात एक काळं तोंड उघडलं. आत कोणी नव्हतं. शिष्याने खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

पहाटे गुरुजींनी त्याला करवंदीच्या जाळीआड बसवलं. धुक्यात आधी आवाज आला, कोणी ओली घोंगडी झटकावी तसा, वरून, जवळ येत येत. मग एक भलामोठा काळा-पांढरा पक्षी खांबाला येऊन बिलगला. धनेश. त्याच्या अजस्र चोचीत उंबर होतं. सवयीने त्याने एकदा ठक केलं. मागोमाग मादी आली. तिने पोकळीत डोकं घातलं, बराच वेळ तशीच राहिली, आणि हळूच आत सरकली. नराने उंबर तिच्या चोचीत दिलं.

गुरुजी अगदी हलक्या आवाजात बोलले. "ती दर हंगामात इथेच येते. आत बसते, मातीने दार लिंपून घेते आणि पिलं मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून भरवतो. पोकळी भरायला मी शिकवलं ते घराच्या खांबाला. झाडात असते ती ढोली, बाळ, आणि ढोली रिकामी दिसली तरी ती कोणाची तरी असते. तू जिवंत झाड तोडलं नाहीस, हे चांगलं केलंस. पण झाड वठलं म्हणजे त्यातला संसार उठला, असं तुला कोणी सांगितलं?"

इतके दिवस ज्या ठोक्याला शिष्य भीत होता, तो कोणाच्या तरी हक्काचा होता, आणि दार त्याने बुजवलं होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

उद्घाटनाच्या दिवशी व्यापारी वाजतगाजत आला, मागे पाहुण्यांची रांग. तोवर ढोलीचं तोंड मातीने लिंपून झालं होतं, बोटभर फट तेवढी उरली होती. गुरुजी बाजूला उभे होते. ते काहीच बोलणार नाहीत, सांगायचं ते आपणच, हे शिष्याला कळलं. तो जिन्याच्या तोंडाशी वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, "शेटजी, आज वर कोणी जायचं नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, मग तापला. एवढ्या लोकांसमोर त्याने विचारलं, "मग हा बांधला कशाला?"

शिष्याने फटीकडे बोट केलं. आतून एक डोळा सगळ्यांकडे एकटक पाहत होता.

"आत बाळंतीण आहे," तो म्हणाला.

व्यापारी त्या डोळ्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात वर करून वाजंत्री थांबवली, पायातल्या करकरत्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि पाहुण्यांना मागे सरायची खूण केली. ती सगळी मंडळी, एरवी लग्नातही हळू न बोलणारी, पाय न वाजवता लांबच्या आंब्याखाली जाऊन बसली, आणि तिथून त्यांनी उंबर घेऊन येणारा धनेश पाहिला.