वरची फट

"...सगळी दारं बंद केली, बाबा. डोळे मिटले, कान मिटले, जिभेला लगाम घातला. बाहेरचं काही म्हणून आत येऊ देत नाही. तरी मन शांत का होत नाही?"

हा प्रश्न घेऊन त्र्यंबक मास्तरांनी सात गुरूंचे उंबरे झिजवले होते. लतीफबाबा आठवे. निफाडकडच्या एका गावाबाहेर, लहानशा दर्ग्याशेजारच्या खोलीत राहणारे म्हातारे फकीर.

डिसेंबर संपत आला होता. हौदाच्या पाण्यावर सकाळी बर्फाची पातळ साय धरत होती. बाबांच्या मांडीवर एक ठिपक्यांची कोंबडी होती आणि ते कोमट फडक्याने तिच्या नाकपुड्या पुसत होते.

"बाबा, मी विचारलं..."

"ऐकलं. जरा हे फडकं धरा."

लोक नवसाच्या कोंबड्या दर्ग्यात आणून सोडत. बाबा त्या कापत नसत, पाळत. अशा सात होत्या आणि त्यातल्या तिघी या थंडीने आजारी पडल्या होत्या. पिसं फुलवून, मान आत ओढून बसून राहायच्या. ठिपकीचं सगळ्यात वाईट. श्वास घेताना तिच्या गळ्यात घरघर वाजे.

मास्तरांना हुडहुडी भरली. त्यांनी वर पाहिलं. छपराखाली भिंतीत दोन विटांएवढं भोक होतं.

"हे बुजवत का नाही? सगळी थंडी आत येते."

बाबांनी कोंबडीची मान हळूच वर उचलून धरली.

"बरं, मला शिष्य तरी करून घ्या."

"इथं कोंबड्यांचं काम असतं, मास्तर."

"मग तेच द्या!" मास्तर ताडकन उठले. "या तिघी मी जगवतो. एक जरी गेली, तर आलो तसा परत जाईन. पुन्हा कुणाच्या दारात हा प्रश्न नेणार नाही. आणि तिन्ही जगल्या तर शिष्य करायचं!"

बाबांनी ठिपकी उचलून त्यांच्या हातात दिली. ती फार हलकी लागली.

झालं! मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. तिघींना त्यांनी निराळ्या खुराड्यात हलवलं. कंबरेएवढं, विटांचं खुराडं. मग चिखल कालवून भेगा लिंपल्या, छपराखालची फट बुजवली, दारावर दुहेरी गोणपाट ठोकलं. दिवस मावळेपर्यंत माणूस चिखलाने माखला होता, पण चेहरा असा फुललेला की काही विचारू नका.

"मुंगीलाही वाट ठेवली नाही, बाबा! आता उबेत कशा खडखडीत होतात बघा!"

"बघू."

सकाळी मास्तर धावतच गेले. गोणपाट बाजूला केलं.

बाजरीचा कुस्करा होता तसाच पडला होता. दोघी भिंतीला टेकून चोच उघडून श्वास घेत होत्या. ठिपकीची मान जमिनीला लागली होती.

"बाबा! लवकर या! एवढा बंदोबस्त केला, तरी..."

बाबा आले. तिघींना उचलून त्यांनी आपल्या घोंगडीत घेतलं.

"मास्तर, आत बसा."

"कोण, मी?"

"तुम्हीच लिंपलंय ना?"

मास्तर रांगत आत शिरले. बाबांनी बाहेरून दार लावलं, गोणपाट खाली सोडलं, आणि उन्हात जाऊन बसले.

थोड्या वेळाने आतून हालचाल ऐकू आली.

मग खोकला. मग दारावर थाप.

"उघडू?"

"उघडा! उघडा, बाबा!"

मास्तर बाहेर आले ते डोळे चोळतच. "घाणीचा वास नाकात जातो. डोळे चुरचुरतात. भिंतींना पाणी सुटलंय, छपरातून मानेवर ठिबकतंय. ऊब कुठंय यात?"

"त्यांचाच श्वास तो. जाईल कुठं?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्या दिवशी त्यांनी सगळं केलं होतं, फक्त आत डोकं घालून पाहिलं नव्हतं.

बाबांनी काठी घेतली आणि छपराखालचा चिखल एका दणक्यात पाडला.

"बाबा, थंडी!"

"हो. थंडी आहे."

मास्तर पुन्हा कामाला लागले. ओला भुसा उपसून कोरडा पसरला. गोणपाट लावलं, पण कोंबडीच्या उंचीएवढंच, वाऱ्याच्या बाजूला. वरची फट मोकळी ठेवली. बाजरीच्या कोमट पेजेत लसूण ठेचून घातला आणि ठिपकीच्या चोचीच्या कडेला थेंब थेंब लावत बसले. ती गिळेपर्यंत दुसरा थेंब देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा दोघी आपल्या पायांनी बाहेर आल्या. ठिपकी बसूनच होती.

मास्तरांनी वाटी पुढे धरली. ठिपकीने एक डोळा उघडला. मान वाकडी करून वाटीकडे पाहिलं...

टक्.

मास्तरांनी श्वास रोखला.

टक्. टक्.

"खाल्लं! बाबा, खाल्लं तिनं!"

अंगणातल्या बाकीच्या चारही कोंबड्या घाबरून पळाल्या. मास्तर नाचत होते. मफलर चिखलात, केसांत पीस, स्वेटरवर शिट. हसता हसता त्यांना रडू फुटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

बाबा दारातून पाहत होते. "मास्तर, तुमचा तो प्रश्न..."

"कसला प्रश्न? थांबा बाबा, पाणी पितेय!"

बाबा खो खो हसले. आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

बऱ्याच वेळाने मास्तर खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. थंडीने दात वाजत होते. स्वेटरच्या आत ठिपकी होती आणि गळ्यापाशी तिची चोच बाहेर डोकावत होती.

"तिन्ही जगल्या, बाबा. आता..."

चुलीचा धूर वर चढत होता. भिंतीतल्या भोकातून बाहेर निघून जात होता. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. पुढचं बोलायचं राहूनच गेलं.

"आत ये," बाबा म्हणाले. "दार लोटून घे. वरचं राहू दे."